उपाशीपोटीचा आकडा

४ फेब्रुवारी, रविवार

माझा १८६. मास्तरांचा ९६.

पुन्हा! सकाळी सात वाजता कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा आकडा पडला. 'उपाशीपोटी ९६. सुप्रभात.' खाली अंगठ्यांची ही रांग! हिनं तर तीन फुलं टाकली. स्वतःच्या नवऱ्याच्या आकड्याखाली काही नाही. फक्त एका भाचीनं मला जोडलेले हात पाठवले. मी काय गेलोय का?

"मास्तरांचं बघा," ही म्हणाली. "तुमच्याच वयाचे आहेत."

बघतोच आहे. तेहेतीस वर्षं बघतोय! हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणजे माझा साडू. साडू म्हणजे ना मित्र, ना भाऊ. सासरच्या माणसांनी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात बसवलेला माणूस. शाळेत कसरत शिकवायचे, म्हणून मास्तर. निवृत्त झाले तरी पोट सपाट, आवाज शिट्टीसारखा. मला मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली, त्यांना दोन. पण तिथंही ते पहिल्या नंबरानं पास आणि मी काठावर!

६ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. आणि तोच माझा भिंगाचा डोळा! चाळीस वर्षं त्यात भिंग अडकवून मनगटी घड्याळं उघडतोय. परवा बायकांच्या घड्याळातला एक स्क्रू चिमट्यातून निसटला. कांद्याच्या बीएवढा असतो. अर्धा तास टेबलावर चाचपडलो. शेवटी ते घड्याळ 'सुटे भाग मिळत नाहीत' असं सांगून परत केलं. खोटं बोललो. मिळत होते, दिसत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांची सरासरी साडेसाताच्या खाली आणा, मग ऑपरेशन. सध्या आठ पॉइंट नऊ आहे. एवढ्या साखरेत मी डोळ्याला हात लावणार नाही."

एप्रिलमध्ये पुन्हा तपासणी. तोवर दुकान अर्ध्या डोळ्यानं चालवायचं. नाही उतरली तर? घड्याळजीला डोळा नसेल तर त्यानं काय भिंतीवरची घड्याळं पुसायची?

घरी आल्यावर हिनं पहिलं वाक्य काय म्हणावं! "मास्तरांना विचारा ना, ते काय करतात."

११ फेब्रुवारी, रविवार

मी १९१. ते ९४.

फोन उशीखाली ठेवला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

मेहुणीच्या वाढदिवसाचं जेवण त्यांच्याकडे. मी मुद्दाम मास्तरांच्या समोर बसलो. त्यांचा भात दोनदा. बटाटा वेचून वेचून. शेवटी केकचा तुकडा, आणि तोही गुलाबाच्या बाजूचा! मी काकडी चावत होतो.

"साडूबुवा, मन प्रसन्न ठेवायचं," मास्तर म्हणाले. "साखर मनात असते."

सगळे हसले. ही सगळ्यांत जास्त.

मी काय कमी पथ्य करतो? चहा बिनसाखरेचा. भात वाटीनं मोजून. बिस्किटंसुद्धा औषधाच्या दुकानातून, 'मधुमेहींसाठी' लिहिलेल्या फळीवरची. चवीला पुठ्ठा! दुपारी दुकानात तेवढा एक ग्लास फळांचा रस. तोही साधासुधा नाही. खोक्यावर ठळक हिरव्या अक्षरांत लिहिलंय, 'साखर घातलेली नाही'. एवढं सगळं करून माझे १९१ आणि केक खाऊन त्यांचे ९४. देव पण साडूचाच नातेवाईक दिसतो.

मेहुणी मात्र बिचारी भली. जाताना हळूच म्हणाली, "भावोजी, तुम्हाला बघून मला वाईट वाटतं हो. किती पथ्य करता!" सासरच्या एवढ्या गोतावळ्यात हे तिला एकटीलाच दिसतं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज अब्रू गेली.

दुपारी ही दुकानात आली, जेवणाचा डबा विसरलो होतो म्हणून. मी ग्लास तोंडाला लावलेला. "हे काय?" म्हणाली. मी ऐटीत खोकं पुढे केलं. हिरवी अक्षरं दाखवली. हिनं ते उलटं केलं. मागे मुंगीएवढी अक्षरं, मला दिसणारच नव्हती. माझंच भिंग उचलून डोळ्याला लावलं आणि वाचलं. "शंभर मिलीमध्ये साखर बारा ग्रॅम."

"अगं, घातलेली नाही असं लिहिलंय!"

"घातली नाही हो. फळातच होती. चोथा गाळून टाकला, रस आटवला, साखर उरली."

मग ग्लासात किती मावतं ते मोजलं. अडीचशे. घड्याळाचे बारीक भाग तोलायचा माझा छोटा काटा पुढे ओढला, समोरच्या चहावाल्याकडून साखर मागून आणली आणि बशीत तीस ग्रॅम तोलून माझ्यासमोर ठेवली. सहा चमचे! ढीग दिसत होता.

"चहात अर्धा चमचा घातला की तुम्ही माझ्यावर ओरडता," ही म्हणाली. "आणि हे रोज?"

बिस्किटांचा पुडाही वाचला. साखर नाही, पण मैदा भरपूर. तो पोटात जाऊन साखरच होतो म्हणे. चार बिस्किटं म्हणजे पावाचे दोन तुकडे खाल्ल्यासारखं. मी रोज सहा खात होतो, कारण ती माझ्यासाठीच केलेली आहेत असा माझा समज!

दीड वर्षं. रोज एक ग्लास. सेकंदाचा काटा अडकला तर मला आवाजावरून कळतं, आणि हे कळलं नाही. दुसऱ्याचं नाही, स्वतःचंच हसं झालं. ही हे आता बहिणीला सांगणार, बहीण मास्तरांना, आणि मास्तर ग्रुपवर.

१८ फेब्रुवारी, रविवार

मी १८८. ते ९७.

हिनं अजून बहिणीला सांगितलेलं नाही. "आपल्या घरातलं आपल्या घरात," म्हणाली. बरं वाटलं. थोडंसंच.

२१ फेब्रुवारी, बुधवार

एक गोष्ट केली. इथंच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार?

दुकानात रसाची एकेक लिटरची नऊ खोकी पडून होती. ही म्हणाली, वाटून टाका. मी ती पिशवीत भरली आणि दुकान बंद करून थेट मास्तरांच्या दारात. मास्तर फिरायला गेलेले. मेहुणीनं दार उघडलं.

"मास्तरांसाठी आणलाय," मी म्हणालो. "फळांचा रस. रोज एक ग्लास द्या. वाचा, साखर घातलेली नाही."

एक शब्द खोटा बोललो का? जे छापलंय ते वाचून दाखवलं. मागची बाजू वाचायला तिला डोळे आहेत की! तिचे तर चांगले आहेत.

तिनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली. "भावोजी, किती करता हो तुम्ही आमच्यासाठी!"

कोण मरतंय एका ग्लासानं? दीड वर्षांत मी मेलो का? आकडा थोडा चढेल. बस. एक रविवार तरी मला त्या अंगठ्यांची रांग मोडलेली बघायचीय.

२५ फेब्रुवारी, रविवार

मी १६९! रस बंद करून आठ दिवस.

ते १०३. शंभरी ओलांडली. आज मास्तरांनी 'सुप्रभात' लिहिलं नाही.

३ मार्च, रविवार

मी १५८. ते ११२.

चहात साखर नसूनही आज चहा गोड लागला.

८ मार्च, शुक्रवार

आणखी एक खोक्यांची पेटी पोचवली. हिला सांगितलं, एका गिऱ्हाइकाचं भिंतीवरचं घड्याळ बसवायला जातोय. खाई त्याला खवखवे म्हणतात. जिना चढताना घसा खरंच खवखवत होता.

मेहुणी म्हणाली, "बरं झालं आणलात, संपतच आला होता." म्हणजे मास्तर पितायत! दोन आठवड्यांत नऊ खोकी म्हणजे एका ग्लासावर भागत नाही. अधाशी माणूस.

मास्तर आतून ओरडले, "कोण आहे?" ती म्हणाली, "भावोजी आलेत." मास्तर बाहेर आले, माझ्या पाठीवर थाप मारली. हात अजून लोखंडाचा. "साडूबुवा, उतरताय म्हणे! शाब्बास!" मला शाळेतल्या पोरासारखं शाब्बास! थोडी जी लाज वाटत होती ती तिथंच गेली.

१७ मार्च, रविवार

मी १४१. ते १३९.

दोनच आकड्यांचा फरक! मागच्या लग्नसमारंभात त्यांना सोफ्यावर आणि मला घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं. आता खुर्च्या जवळ आल्या.

ग्रुपवर कुजबुज सुरू झालीय. हिच्या भावानं विचारलं, 'मास्तर, तब्येत?' मास्तरांचं उत्तर, 'साखर मोजायचं यंत्र जुनं झालंय.' नाचता येईना, अंगण वाकडं!

२४ मार्च, रविवार

मी १३२. ते १५१.

जिंकलो!!

हिनं माझ्या आकड्याखाली फुलं टाकली. चार. मी मोजली. मास्तरांच्या वेळी तीन असायची.

दिवसभर शिट्टी वाजवत होतो. संध्याकाळी ही म्हणाली, "दुसऱ्याचं वाईट झाल्यावर माणसानं एवढं खूश होऊ नये." मी म्हणालो, मी माझ्या आकड्यावर खूश आहे. तेहेतीस वर्षांत या बाईपासून काही लपलेलं नाही. ही एक पिशवी सोडली तर.

२८ मार्च, गुरुवार

मेहुणी आज आमच्याकडे आली होती. किती बारीक झालीय! ब्लाउज अंगावर लोंबत होता. ही तिला फिरवून फिरवून बघत होती. "काय गं, काय करतेस? मला सांग ना." हिच्याही डोळ्यांत तेच, जे माझ्या डोळ्यांत दर रविवारी असतं. गंमत वाटली. जळायचा मक्ता काही एकट्या माझ्याकडे नाही.

"काही करत नाही गं," मेहुणी म्हणाली. "यांच्या काळजीनं होत असेल. आकडा चढतोय ना." आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. हिनं भरून दिली, तीही संपवली.

यांच्या काळजीनं. मला ते वाक्य आवडलं नाही. तिनं झुरावं असं मी कधी म्हटलं नव्हतं. मला मास्तरांना घडीच्या खुर्चीवर बसवायचं होतं, तेवढंच.

पुढची पेटी द्यायची नाही असं ठरवलं.

७ एप्रिल, रविवार

मी १२४. ते १८३.

पेटी दिली. शुक्रवारी दिली. तिनं स्वतः फोन केला होता, "भावोजी, तो रस कुठं मिळतो? नाव सांगा, मी आणते." मग मीच घेऊन गेलो. नाही म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. मागच्या बाजूचं कारण! ते सांगायला तोंड कुठं होतं?

१४ एप्रिल, रविवार

मी ११९. ते २०७.

आज मजा आली नाही. कुणी अंगठे टाकले नाहीत, कुणी फुलं टाकली नाहीत. हिनं बहिणीला फोन लावला. अर्धा तास बोलत होती, मग डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मी तिथंच उभा. "डॉक्टरांकडे न्या म्हणावं त्यांना," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चोरासारखा वाटला.

मास्तर लॅबमध्ये जायला तयार नाहीत म्हणे. "कशाला? यंत्र आहे की घरात!" शेवटी मेहुणीनं डॉक्टरांना फोनवर सगळे रविवारचे आकडे वाचून दाखवले. त्यांनी आधी रक्त तपासून या म्हणून सांगितलं होतं. मास्तरांनी 'तपासलं, तेवढंच आलं' असं ठोकून दिलं. मग डॉक्टरांनी गोळी दुप्पट केली.

बरं झालं. गोळी वाढली, आकडा उतरेल, प्रकरण मिटेल. आता रस अजिबात नाही. उद्याच जाऊन उरलेली खोकी काहीतरी सांगून परत आणतो. तारीख उलटली म्हणतो.

१५ एप्रिल, सोमवार

गेलो होतो. उरलेलं नाहीच. सगळं संपलं.

१८ एप्रिल, गुरुवार

रिपोर्ट आला. सात पॉइंट तीन!

डॉक्टरांनी दोनदा वाचला. "काय केलंत?" म्हणाले. मी म्हणालो, रस सोडला. ते म्हणाले, एवढंच? एवढंच. पुढच्या महिन्यात ऑपरेशनची तारीख. माझा डोळा परत मिळणार. परत आल्यावर दुकानात भिंग लावून उगीचच एक बंद पडलेलं घड्याळ उघडून बसलो. धुकंच दिसलं, पण धुक्याचा राग आला नाही.

ही मास्तरांकडे बातमी सांगायला निघाली होती. मग थांबली. "नको आत्ता," म्हणाली. "त्यांना आणखी वाईट वाटेल."

माझी बातमी, आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापेक्षा मोठी, आणि तीसुद्धा मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून झाकून ठेवायची! आजारी पडले तरी पारडं त्यांचंच जड.

२१ एप्रिल, रविवार

मी ११६. ते २२४.

गोळी दुप्पट करून चढला? घड्याळाला नवा सेल घातला आणि ते आणखी मागे पडायला लागलं तर मी म्हणतो, दोष सेलात नाही, दुसरीकडे आहे. पण कुठे? रस तर आठवड्यापूर्वीच संपला.

२२ एप्रिल, सोमवार

मास्तर पडले. सकाळी फिरून आले, जिन्यातच घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं, आणि आडवे! शेजाऱ्यांनी उचलून हॉस्पिटलात नेलं. आम्ही पोचलो तोवर हाताला सलाइन लागलेलं. एवढा मोठा माणूस, पलंगावर पाय बाहेर आलेले, डोळे मिटलेले. मी पायांकडे उभा राहिलो. तोंडाकडे जाववेना.

मला वाटलं, साखर चारशे झाली असणार. आणि ती मी केली. पोलिसांनी विचारण्याआधीच कबूल करून टाकावं असं वाटत होतं.

नर्स म्हणाली, "आल्या आल्या बोट तपासलं. सेहेचाळीस होती."

सेहेचाळीस? मी परत विचारलं. सेहेचाळीसच. खूप उतरली म्हणून पडले. दुप्पट गोळीनं. डॉक्टर मेहुणीला विचारत होते, यांची साखर मुळात एवढी नव्हतीच, मग तुम्ही सांगितलेले दोनशे चोवीस कुणाचे? ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं पाणी मागितलं.

काल २२४, आज ४६. यंत्र खोटं की माणूस?

आता शुद्धीवर आहेत. धोका टळला. मला बघून म्हणाले, "साडूबुवा, आलात?" आणि माझा हात धरून ठेवला.

२३ एप्रिल, मंगळवार

बोट मास्तरांचं नव्हतंच.

मास्तर सुईला घाबरतात. सुई दिसली की घेरी येते. कसरतीच्या मास्तरांचं हे कुणाला कळू नये म्हणून दोन वर्षं दर रविवारी मेहुणी स्वतःचं बोट टोचत होती. "आधी यांना दाखवायला टोचलं, दुखत नाही म्हणून," ती म्हणाली. "आकडा छान आला, यांनी टाकून दिला ग्रुपवर. मग तेच चालू राहिलं. चढायला लागला तेव्हा मला वाटलं, यंत्रच बिघडलंय. मला कुठं काय झालंय?"

नर्सनं तिथंच तिच्या बोटाला सुई लावली. २६२.

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. आकडा एका दिवसाचा नसतो, म्हणाले, आत आधीपासून काही चाललेलं असेल, पण त्याला कशानं तरी जोर मिळालाय. तहान लागते का? वजन उतरलंय का? रोज काय काय खाता, काय पिता?

"वेगळं काही नाही हो," ती म्हणाली. "यांना आवडत नाही, म्हणून तेवढा फळांचा रस मीच संपवते. तहान लागली की तोच. साखर घातलेला नाही. आमचे भावोजी एवढ्या लांबून आणून देतात."

आणि माझ्याकडे बघून हसली. ही तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तिनंही माझ्याकडे बघितलं.